बारा नंबरच्या हेल्मेटचे ठोके

मे महिन्याच्या सहा तारखेला, सोमवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी नासिलेलेच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की तिच्या नवऱ्याची नाडी ब्याऐंशीवरून एकशे अठरावर गेली आहे. तिने तेव्हा त्याचा विचार केला नाही. तिचा नवरा लोंबे खाणीत अकराशे चाळीस मीटर खाली जाळीवर काम करत होता. लोडरने आणून ओतलेले दगड त्या लोखंडी जाळीतून खाली पडतात, मोठे अडकतात, आणि अडकलेले दगड लोंबे घणाने फोडतो. घण उचलला की कुणाचीही नाडी चढते.

मंगळवारी पुन्हा अकरा दहा. बुधवारी अकरा अकरा. गुरुवारी अकरा दहा.

नवी हेल्मेटं मार्चमध्ये आली होती. आत कपाळाला टेकणाऱ्या पट्टीत नखाएवढी एक काच असते, ती नाडी मोजते. तिच्या शेजारची बारीक टिकली डोक्याचं तापमान घेते. दर दहा सेकंदांनी दोन्ही आकडे आणि माणूस कुठल्या बोगद्यात आहे ते वर कंट्रोल रूममध्ये दिसतं. जानेवारीत दोन माणसं उष्म्याने आडवी झाली होती, त्यांतला एक उठला नाही, म्हणून कंपनीने हा खर्च केला. पहिल्या पाळीच्या चौसष्ट हेल्मेटांवर लक्ष ठेवायला नासिलेलेला बसवलं, कारण ती टेलिफोनवर सात वर्षं बसलेली होती आणि तिचं अक्षर चांगलं होतं.

नियम साधा होता. तीन मिनिटांची सरासरी नाडी मर्यादेच्या वर गेली की पडद्यावरचा चौकोन लाल होतो आणि घंटी वाजते. मग तिने खालच्या मुकादमाला फोन करायचा, त्याने त्या माणसाला गार खोलीत अर्धा तास बसवायचं आणि नोंद करायची. महिन्यात अशा तीन नोंदी झाल्या की माणूस वरच्या कामावर. मग डॉक्टरांची समिती, आणि समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. एकदा वर गेलेला माणूस परत खाली गेल्याचं आमच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

लोंबेच्या बारा नंबरच्या हेल्मेटची मर्यादा एकशे चाळीस होती, त्यामुळे एकशे अठराला घंटी वाजायचा प्रश्न नव्हता. पण शुक्रवारी नासिलेलेने मागच्या पाच दिवसांचे आलेख काढून एकाखाली एक ठेवले. घण मारताना नाडी चढणीसारखी हळूहळू वर जायची, आणि तिच्या मागोमाग डोक्याचं तापमानही. अकरा दहाचं तसं नव्हतं. ब्याऐंशी, एकशे अठरा, नव्वद, एकशे एकवीस, पंच्याऐंशी, एकशे पंधरा. नाडी उड्या मारायची आणि तापमान जागेवर. आठ मिनिटं हे चालायचं, मग सगळं सपाट.

तिने त्या आठ मिनिटांत जाळीजवळ दुसरं कोण असतं ते पाहिलं. पाचही दिवस सत्तावीस नंबर.

सत्तावीस म्हणजे झेलिपा शावा. खालच्या तीन लोडरवाल्या बायकांपैकी एक. तिची नाडी त्या आठ मिनिटांत शहात्तर होती.

*

झेलिपा न्गोनी आणि लोंबे बेम्बा. या दोन जमाती जुन्या काळी एकमेकींशी लढल्या आणि लढाई संपल्यावर भावंडं झाल्या. भावंडं कसली, तर चिंबुयाची, म्हणजे थट्टेच्या नात्याची. त्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, नवरा-बायको म्हणावं, शिव्या द्याव्यात, अंगावरचं काही हिसकावून घ्यावं आणि सोडवायला दंड मागावा. राग मात्र यायचा नाही. रागावला तो हरला, आणि त्याच्या घरच्यांचीही मान खाली गेली. न्गोनी बेम्बांना माकडखाऊ म्हणतात, बेम्बा न्गोनींना उंदीरखाऊ. दोघेही दुसऱ्याला आपला गुलाम म्हणतात.

नासिलेले लोझी, पश्चिमेची. लोझींची चिंबुया टोंगांशी. तिच्या गल्लीत टोंगा एकच, आणि तो बहिरा.

त्याच महिन्यात जुने फिटर बा कपोतवे वारले. तेही बेम्बा. अंगणात शेकोटी होती, बायका आत चटयांवर बसून रडत होत्या, आणि झेलिपा कामाच्या बुटांसकट आत आली. येऊन सरळ शवपेटीशेजारी आडवी झाली.

"ए म्हाताऱ्या, सरक तिकडं. आयुष्यभर झोपा काढल्यास, अजून पोट भरलं नाही? ऊठ. माझ्या आजोबांचा गुलाम आहेस तू. परवानगी न घेता मेलासच कसा?"

रडणाऱ्या बायका हसायला लागल्या. कपोतवेंची विधवासुद्धा तोंडाला कापड लावून हसली.

"आणि आता माकडं कोण पकडणार?" झेलिपा उठून बसली. दारात लोंबे उभा होता. "हा? याला तर झाडावरचा आंबाही धरता येत नाही. ए नवऱ्या, इकडं ये. कोट काढ तुझा. मयताला आलास ना, दंड भर."

"तुझ्या बापानं उंदरांच्या बिळात हात घालून घालून बोटं घालवली," लोंबे म्हणाला, "तू माझा कोट काय धरणार?"

"धरला." तिने खरंच कोट ओढून काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. "आता प्यायला मुन्कोयोचा एक मोठा डबा आणल्याशिवाय मिळायचा नाही. नवऱ्या, थंडी वाजली तर बायकोकडं जा. ती तिथं बसलीय, चांगली बाई आहे, तुझ्यासारख्याला सांभाळते."

सगळ्यांनी नासिलेलेकडे पाहिलं. ती हसली. तिच्या शेजारी बसलेल्या बाना चिटाने तिचा हात दाबला. "मनावर घेऊ नको बाई. चिंबुया आहे ती."

"माहीत आहे मला."

"मग तोंड असं का?"

"धूर येतोय शेकोटीचा."

बाहेर पडताना झेलिपा तिच्यापुढे आली, गुडघे किंचित वाकवले, दोन्ही तळहात हलके वाजवले. "बाना कलुबा, बऱ्या आहात ना? मुलगी बरी आहे?" बाना कलुबा म्हणजे कलुबाची आई; कलुबा नासिलेलेची मुलगी, नऊ वर्षांची. तिच्याशी झेलिपा नेहमी अशीच बोलायची, सासूशी बोलावं तशी. नासिलेलेला वाटलं, हिने मलाही एक शिवी दिली असती तर मी हिला उत्तर तरी दिलं असतं.

कोट तीन दिवस झेलिपाकडे होता. परत आला तेव्हा त्याला डिझेलचा वास येत होता. नासिलेलेने तो दोनदा धुतला.

*

कुणाला सांगणार? आईला फोन केला असता तर आईने विचारलं असतं, त्याने काय केलं? काय केलं ते सांगता येत नव्हतं. तो वेळेवर घरी यायचा, मक्याची न्शिमा आणि सुकी कापेंटा मासळी खायचा, मुलीची वही बघायचा, नऊ वाजता झोपायचा. कधी तिच्यावर हात उगारला नाही. एका संध्याकाळी तो जेवत असताना तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"काय करतेस?"

"काही नाही."

अडुसष्ट. भिंतीवरच्या घड्याळात बघून तिने पूर्ण एक मिनिट मोजलं.

"मला काही झालंय का, बाना कलुबा? पडद्यावर काही दिसतं का?"

"नाही. छान आहे तुमचं."

तो पुन्हा जेवायला लागला. अडुसष्ट. तिला आठवून पाहायचं होतं, की आपल्यासमोर ही नाडी शेवटची कधी चढली होती. तिला आठवलं नाही, आणि तेव्हा हेल्मेटही नव्हतं.

तीस मेला तिने जे केलं ते नियमात बसणारं होतं. प्रत्येक हेल्मेटची मर्यादा दर महिन्याच्या शेवटी नव्याने लावायची असते. माणूस सकाळी, हेल्मेटं वाटतात त्या दिव्यांच्या खोलीत पाच मिनिटं शांत बसतो, तेव्हाची नाडी घ्यायची आणि तिच्यावरून मर्यादा ठरवायची. बहुतेकांना एकशे चाळीसच लागते. ज्यांची बसल्या जागची नाडी साठच्या खाली असते, त्यांना ऑपरेटरने आपल्या अंदाजाने कमी लावावी, असं पुस्तिकेत आहे. झेलिपाची अठ्ठावन्न होती. नासिलेलेने एकशे चाळीस खोडून शंभर लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'विश्रांतीची नाडी कमी.' अक्षर चांगलं आलं.

साठच्या खालची आणखी चार माणसं होती. त्यांची मर्यादा तिने तशीच ठेवली.

चार जूनला झेलिपाच्या लोडरच्या चाकाची साखळी तुटली. साखळी चढवताना तिची सरासरी एकशे चारवर गेली. घंटी. नासिलेलेने फोन केला. सात जूनला पाण्याचा जाड पाइप ओढताना एकशे दोन. घंटी. दोन नोंदी.

"कंट्रोल, अहो बाई ठणठणीत आहे," मुकादम म्हणाला. "गार खोलीत बसून गाणी म्हणतेय."

"पडदा लाल झाला की मला फोन करावाच लागतो."

"ते बरोबर आहे. पण एकशे दोनला? माझी तर इथं उभ्या उभ्या एकशे दहा असते."

"ज्याची त्याची मर्यादा वेगळी असते, बा मुकादम."

हे खरंच होतं. फोन ठेवल्यावर तिने पाण्याचा पूर्ण ग्लास एका दमात संपवला.

*

अकरा जूनला मंगळवार होता. त्या सकाळी दगड बारीक येत होते, जाळीवर अजून घण लागला नव्हता. अकरा वाजून तेरा मिनिटांनी सत्तावीसचा चौकोन लाल झाला आणि घंटी वाजली.

नासिलेलेचा हात फोनवर गेला. तिसरी नोंद. मुकादमाने उचलला, तिने नाव सांगितलं, "झेलिपा शावा, गार खोली," आणि फोन ठेवून आलेख उघडला.

ब्याऐंशी, एकशे अठरा, ब्याण्णव, एकशे चोवीस, अठ्ठ्याऐंशी, एकशे सोळा. तापमान जागेवर.

ती ते बघत राहिली. पाच आठवडे तिने दुसरं काही इतक्या बारकाईने पाहिलेलं नव्हतं. बाजारात गर्दीत लोंबेची पाठ ओळखावी तसा तिने तो आलेख ओळखला. तिने बारा नंबर उघडला. शहात्तर, पंच्याहत्तर, शहात्तर. आणि अकरा चौदाला बारा नंबर जाळीजवळून निघाला, मोठ्या बोगद्याने गेला, आणि गार खोलीत जाऊन थांबला. सत्तावीस जाळीवरच होता.

मुकादमाने झेलिपाला नावाने पाठवलं होतं. झेलिपा गेली होती. तिच्या डोक्यावर लोंबेचं हेल्मेट होतं.

घणाच्या कामाला सुरुवात झाली, तशी सत्तावीसची नाडी चढणीसारखी वर जाऊ लागली आणि घंटी पुन्हा वाजली. नासिलेलेने ती बंद केली. पाळी संपेपर्यंत ती तिने अकरा वेळा बंद केली.

हेल्मेटची अदलाबदल म्हणजे थेट घरी, असा नियम होता. मार्चमध्ये त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. म्हणजे खाली कुणी तोंड उघडणार नव्हतं. आणि वर ते माहीत असलेली ती एकटी होती.

दोन वाजता दिव्यांच्या खोलीबाहेर सूचना लागली: झेलिपा शावा, तीन नोंदी, उद्यापासून खाली जाणार नाही. शुक्रवारी सकाळी नऊला सुरक्षा अधिकारी सिंकालांसमोर कागद. ऑगस्टमध्ये समिती.

*

लोंबे त्या दिवशी जेवला नाही. मुलगी शेजारी खेळायला गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"ते हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग फोन का केलास?"

"फोन आधी केला. नंतर कळलं. पण बदललंत का, बाशी कलुबा?"

"बदललं नाही. हिसकावलं तिनं. खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या रांगेत. म्हणाली, तुझ्या डोक्यात काय आहे ते बघते, हलकं लागतंय. दंड म्हणून भाजलेले शेंगदाणे मागितले. मी म्हटलं, गुलामाला दंड भरत नाही, आणि तिचं मी घेतलं. तेवढ्यात घंटा झाली, पिंजरा आला, मागचे ढकलायला लागले. खाली गेल्यावर बदलणार होतो, पण ती शेंगदाण्यावाचून देईना."

"आणि तुम्ही रागावला नाहीत."

"रागावून कसं चालेल?"

नासिलेलेने पातेल्यावर झाकण ठेवलं. "अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमचं काळीज का उड्या मारतं?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याने दाराची चौकट धरली. "तू ते बघतेस?"

"माझं कामच आहे ते."

"रोज?"

"रोज. का चढतं?"

"सहाव्या खेपेनंतर ती इंजिन बंद करते. तापतं म्हणून. सात-आठ मिनिटं. जाळीवर आवाज नसतो तेव्हा." तो थांबला. "हसतो मी."

"हसता?"

"ती बोलते, मी बोलतो. हसू येतं."

"काय बोलते?"

"आता असं काय सांगू? परवा म्हणाली, लोंबे, तुमच्यात पाव्हणा आला की माकडाची शेपटी त्याच्या ताटात वाढतात, की भिंतीला टांगून टोपी अडकवतात? मी म्हटलं, शेपटीला आम्ही उंदरं बांधून तुमच्या गावी पाठवतो, आहेर म्हणून. मग ती म्हणाली…" त्याने तिच्याकडे पाहिलं. "इथं नाही येत ते."

"इथं का येत नाही?"

"तू लोझी आहेस, बाना कलुबा."

"तेरा वर्षं मी तुमच्या घरात आहे."

"आहेस ना. म्हणून तर तुला मी उंदीरखाऊ म्हणणार आहे का?"

तिला रागवायला हवं होतं आणि राग धरून ठेवायला जागा सापडत नव्हती. त्याने तिला फसवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. मग त्या बाईच्या दारात जाऊन भांडता आलं असतं, गल्ली जमली असती, लोक तिच्या बाजूने उभे राहिले असते.

"शुक्रवारी मी सिंकाला साहेबांकडं जातो," लोंबे म्हणाला. "सांगतो, हेल्मेट माझ्याकडं होतं."

"नोकरी जाईल."

"जाईल. पण माझ्या नाडीपायी तिचा लोडर गेला. तो मिळवायला तिनं सहा वर्षं घासलीत. उद्या तिच्या जागी मी असतो, तर तीही गेली असती."

"आणि तिच्या जागी मी असते तर?"

"तुझा काय संबंध?"

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने त्याने तिथूनच विचारलं, "पण नुसत्या हसण्याला घंटी कशी वाजली? माझ्या हेल्मेटला कधी वाजली नव्हती."

"बसल्या जागची नाडी कमी असली की मर्यादा कमी लावतात."

"असं होय," तो म्हणाला.

*

बुधवारी सत्तावीसचा चौकोन राखाडी होता. लोडरवर दुसरा माणूस होता, एकोणचाळीस नंबरचा. त्याने सहाव्या खेपेनंतर इंजिन बंद केलं. नासिलेलेने बारा नंबर मोठा करून ठेवला. अकरा दहा. चौऱ्याहत्तर. अकरा बारा. चौऱ्याहत्तर. अकरा पंधराला त्र्याहत्तर. एकोणचाळीसने इंजिन सुरू केलं.

गुरुवारीही तेच.

पाच आठवडे तिला हेच हवं होतं. आता ते पडद्यावर सरळ रेघेसारखं पडलेलं होतं, आणि ती रेघ तिच्या ओळखीची होती. संध्याकाळी घरी जेवायला बसणारी नाडी ती हीच.

गुरुवारी रात्री ती जागी होती, असं तिने पुढे बाना चिटाला सांगितलं. शुक्रवारी लोंबे सिंकालांच्या टेबलासमोर उभा राहील, म्हणेल, हिच्याऐवजी मला काढा. दुपारपर्यंत ते गावभर होईल. एका बेम्बाने चिंबुयाच्या बहिणीसाठी नोकरी सोडली. आमच्याकडे अशी गोष्ट मरत नाही. लग्नात सांगितली जाते, मयताला सांगितली जाते, पोरं मोठी होऊन आपल्या पोरांना सांगतात. त्या गोष्टीत लोंबे असणार, झेलिपा असणार. नासिलेले असलीच तर 'त्याच्या बायकोने मग भाजीचं दुकान टाकलं' एवढीच.

ते ती होऊ देणार नव्हती.

शुक्रवारी साडेसातला, सुनावणीच्या दीड तास आधी, ती सिंकालांच्या खोलीत गेली. सिंकाला चहात बिस्किट बुडवत होते.

"सत्तावीसची मर्यादा मी शंभर लावली होती."

"दिसतंय." त्यांनी कागद पुढे ओढला. "कारणही लिहिलंय. अठ्ठावन्न. पुस्तिकेप्रमाणे आहे."

"साठच्या खाली आणखी चार जण आहेत. त्यांची एकशे चाळीसच आहे."

सिंकालांनी कागदावरून बोट खाली नेलं. चारही नावांवर थांबवलं. "मग हिचीच का?"

"तिच्यामुळं माझ्या नवऱ्याची नाडी चढते."

बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते चमच्याने काढलं. "लोंबेची? ती त्याची चिंबुया ना?"

"हो."

"मग?"

"म्हणूनच कुणाला सांगता येईना, साहेब."

सिंकालांनी कागद परत पुढे ओढला. मग म्हणाले, "एकशे चाळीस असती तर एकही नोंद झाली नसती."

"एकही नाही."

"तिसऱ्या नोंदीनंतर त्याच दिवशी सत्तावीस आणखी अकरा वेळा लाल झालाय. तू फोन केला नाहीस. आणि त्यांतल्या पहिल्या वेळी बाई गार खोलीत होती, असं मुकादम लिहितो. गार खोलीत बसून एकशे तीस?"

नासिलेले कागदाकडे बघत म्हणाली, "काच घामाने भिजली की चुकीचं दाखवते."

सिंकालांनी तिच्याकडे पाहिलं. ते या खाणीत एकवीस वर्षं होते. पोरांची हेल्मेटं कोण हिसकावतं, दंडात काय मागतं, ते सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. स्वतः त्यांची टोपी दोनदा गेली होती.

"काच भिजली," त्यांनी लिहिलं. "तिन्ही नोंदी रद्द. ऑपरेटरची चूक. मी 'चूक' लिहितोय, कारण दुसरा शब्द लिहिला तर तुला फाटकाबाहेर काढावं लागेल. पडद्यासमोर तू आता बसायचं नाहीस. सोमवारपासून दिव्यांच्या खोलीत, हेल्मेटं पुसायची, चार्जिंगला लावायची, द्यायची-घ्यायची."

"बरं."

"आणि बाना कलुबा, नवऱ्याला सांग, नऊला यायची गरज नाही. येणार होता ना?"

"येणार होता."

"वाटलंच मला," सिंकाला म्हणाले.

लोंबे फाटकाजवळ धुतलेला शर्ट घालून उभा होता. तिने त्याला सांगितलं, काय केलं ते आणि का केलं तेही, चार वाक्यांत. त्याने ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर तिला चाललं असतं. तो म्हणाला, "पाच आठवडे तू बघत होतीस, आणि मला वाटायचं, वर बसून कुणीतरी माझी काळजी घेतंय." मग तो पिंजऱ्याच्या रांगेकडे गेला.

*

सोमवारी सकाळी पावणेसहाला झेलिपा खिडकीशी आली. नासिलेलेने सत्तावीस नंबर पुसून पुढे केला. झेलिपाने गुडघे वाकवले आणि दोन्ही हातांनी तो घेतला.

"साहेबांना तुम्ही सांगितलंत, असं कळलं."

"हो."

"मर्यादाही तुम्हीच लावली होतीत, असंही कळलं."

"तेही खरं आहे."

मागे रांग उभी होती. झेलिपाने हेल्मेट उलटं करून आतली काच अंगठ्याने पुसली, ती पुसलेली होती तरी. "बाना कलुबा, तुम्ही बेम्बा असता ना, तर आज मी तुम्हाला इथं या खिडकीत इतक्या शिव्या दिल्या असत्या, की ही रांग तासभर हलली नसती."

"द्या."

"नाही देता येत," झेलिपा म्हणाली. "तुम्हाला दिल्या तर त्या खऱ्या होतील."

ती गेली. तिच्यामागे आठ जणांनंतर लोंबे आला, बारा नंबर घेतला, नासिलेलेकडे बघून मान हलवली. पिंजऱ्याच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "ए माकडखाऊ, आवर की लवकर!" आणि लोंबे हेल्मेट दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबून धरत पळाला.

पडद्यासमोर आता मापालो बसत होती. बावीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच आलेली, सगळं पुस्तिकेप्रमाणे करणारी. नासिलेलेला तिच्या खुर्चीचा हेवा वाटत होता. नवऱ्याचे ठोके आता एका परक्या मुलीला दिसतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि त्या मुलीला त्यांचं काही वाटतही नाही. जेवणाच्या सुट्टीत दोनदा तिने विचारायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा मीठ मागून परत आली.

गुरुवारी अकरा चौदाला दिव्यांच्या खोलीतला फोन वाजला.

"बाना कलुबा, मी मापालो. तुम्हाला एक विचारू? तुम्ही आधी इथं होतात म्हणून."

"विचार."

"बारा नंबर. मर्यादेच्या आतच आहे, घंटी नाही वाजली. पण नाडी नुसती उड्या मारतेय. एकशे बावीस, नव्वद, पुन्हा एकशे एकोणीस. काल याच वेळेला तसंच, परवाही. मला काळजी वाटतेय. हृदयाचं काही असेल का? मुकादमाला सांगून गार खोलीत बसवू का त्याला?"

नासिलेलेच्या हातात ओलं फडकं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं. फडकं घडी करून सरळ केलं.

"बाना कलुबा? आहात ना?"

"आहे. बसवू नको."

"पण हे आहे तरी काय?"

"हसतोय तो," नासिलेले म्हणाली.

"हसतोय? एवढं? कशाला?"

"ते मला माहीत नाही. इंजिन सुरू झालं की थांबेल आपोआप. तोवर राहू दे."